फवारणीची विमानं उडतानाच का पडतात?

इंदूरकर_सुलभा | शनिवार, रात्री 10:20

मंडळी, माझा धाकटा लेक ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेला, नॅराब्राय गावाच्या बाजूला कामाला आहे. सगळा कापसाचा मुलूख. कमर्शिअल पायलटचं लायसन्स त्याच्याकडे आहे, पण फवारणीच्या विमानावर कोणी लगेच बसवत नाही. आधी हंगामभर जमिनीवरचं काम करायचं. औषध कालवायचं, विमानाच्या टाकीत भरायचं, इंधन बघायचं. तिथे या माणसाला लोडर म्हणतात.

गेल्या मंगळवारी त्याच्या डोळ्यांसमोर एक विमान उडता उडता पडलं. दुपारची वेळ होती आणि विमान त्यानेच भरून दिलेलं. धावपट्टीच्या टोकापर्यंत धावलं, चाकांनी जमीन सोडली, पण वर चढेचना. पायलटने अगदी शेवटी टाकी मोकळी केली, तोवर कुंपण आलंच होतं. पलीकडच्या शेतात पोटावर बसलं. पायलट स्वतःच्या पायांनी बाहेर आला, खांद्याला मार आहे. देवाची कृपा.

लेक फोनवर जास्त बोलला नाही. एवढंच म्हणाला, "आई, भरलं मी होतं."

तेव्हापासून मला झोप नाही. मी बँकेत नोकरी केली, विमानातलं मला काही कळत नाही. खाली फवारताना विजेच्या तारांत अडकतात हे ऐकून होते आणि त्याचीच भीती होती. पण उडतानाच का पडतं? आणि टाकी भरणाऱ्याचा त्यात कितपत हात असतो? मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका. खरं काय ते सांगा, म्हणजे त्याच्याशी बोलता येईल.


रामबागकर | शनिवार, रात्री 10:48

सुलभाताई, पायलट वाचला हे वाचून जीव भांड्यात पडला. मुलाने मनाला लावून घेऊ नये. विमान उडवायचं की नाही हे पायलट ठरवतो, जबाबदारी त्याचीच. पेट्रोल पंपावर टाकी भरणाऱ्या मुलाला कोणी अपघाताचा दोष देतं का?


निवृत्त_मेकॅनिक | शनिवार, रात्री 11:35

रामबागकर, तुमचा हेतू चांगला आहे, पण पेट्रोल पंपाची तुलना इथे बसत नाही. मी पळशीकर कॉलनीत राहतो, वय 74. तरुणपणी काही हंगाम फवारणीच्या विमानांवर मेकॅनिक म्हणून काढले आहेत. ज्या ठेकेदाराकडे होतो त्याचं नाव घेत नाही.

ताई, प्रवासी विमान दिवसात चार-सहा वेळा उडतं, पक्क्या लांब धावपट्टीवरून, आणि प्रत्येक वेळी कागदावर हिशेब होतो. फवारणीचं विमान दिवसात तीस-चाळीस वेळा उडू शकतं. तेही शेताच्या कडेला आखलेल्या मातीच्या नाहीतर गवताच्या पट्टीवरून, आणि दर वेळी पोट भरलेलं. उतरताना ते रिकामं असतं, म्हणून उतरणं त्या मानाने सोपं. फवारताना वजन दर मिनिटाला कमी होत जातं. सगळ्यात जड, सगळ्यात हळू आणि जमिनीच्या सगळ्यात जवळ ते एकाच वेळी असतं, उडताना. त्या वेळी पायलटच्या हाताशी ना उंची असते, ना वेग.

निमाडातली एक दुपार सांगतो. कापसावर फवारणी चालू होती. पट्टी काळ्या मातीची, आदल्या रात्री सरीवर सर पडून गेलेली. वरून वाळलेली दिसत होती. सकाळपासून विमान मजेत उडत होतं. ऊन चढलं, वारा फिरला, आणि आम्ही मात्र टाकीत तेवढंच औषध ओतत राहिलो, कारण सकाळपासून तेवढंच ओतत होतो. बाराच्या सुमाराच्या धावेत चाकांना चिखल धरला. पायलट जाणता होता, त्याने वेळेवर दांडा ओढून सगळं औषध पट्टीवर सोडलं. विमान हलकं झालं आणि बांधावरच्या बाभळीचा शेंडा घेऊन वर गेलं. उतरल्यावर चाकात बाभळीचे काटे होते, मी स्वतः काढले.

तो पायलट आम्हाला रागावला नाही. संध्याकाळी त्याने मला फक्कीची पिशवी आणायला सांगितली, खेळाच्या मैदानावर आखतात ती पांढरी फक्की. पट्टी पावलांनी मोजली आणि मध्यावर आडवी रेघ मारून घेतली. म्हणाला, "या रेघेपर्यंत विमान हलकं लागलं नाही तर मी विचार करणार नाही, सोडून देणार. विचार आत्ता करून ठेवलाय."

मी इतकी वर्षं विमानांत काढली, पण या धंद्यातली याहून महत्त्वाची गोष्ट मला कोणी शिकवली नाही. टाकी मोकळी करायचा निर्णय धावताना घ्यायचा नसतो. तो आधीच घेतलेला असावा लागतो. धावताना डोकं हिशेब करत नाही, आशा करतं.


भौतिकीचा_वर्ग | रविवार, सकाळी 7:15

मेकॅनिककाकांच्या त्या रेघेमागे पक्कं गणित आहे. मी महाविद्यालयात भौतिकी शिकवतो, म्हणून ते लिहितो. सुलभाताई, वही-पेन घेऊन वाचा, बँकेतल्या माणसाला अवघड जाणार नाही.

आधी हवा. पंख उचल देतात ती हवेच्या जोरावर. हवा तापली की पातळ होते. वैमानिक हे उंचीच्या भाषेत मोजतात, म्हणजे आजची हवा किती उंचीवरच्या हवेइतकी पातळ आहे. याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. आपलं इंदूरचं विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 1850 फुटांवर आहे. मे महिन्यात पारा 40 वर गेला की विमानाच्या दृष्टीने तेच विमानतळ सुमारे 5300 फुटांवर जाऊन बसतं. हवेची घनता समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेपेक्षा सुमारे 15 टक्के कमी. पंखाला कमी मिळतं, पुढच्या पंख्याला, म्हणजे प्रोपेलरला कमी मिळतं, इंजिनालाही कमी मिळतं. तिन्हीकडून एकदम.

नॅराब्रायच्या आसपासचा प्रदेश सातशे-आठशे फुटांवर आहे. सकाळी 24 अंश असतील तर विमानाला तो दोन हजार फुटांवर असल्यासारखा वाटतो. दुपारी 41 झाले की चार हजार. म्हणजे पट्टी जागची हललेली नाही, पण जेवणाच्या वेळेपर्यंत ती दोन हजार फूट वर चढलेली आहे. टाकी मात्र सकाळच्याच मापाने भरली जाते.

आता लांबी. ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाने लहान विमानांसाठी साधे ठोकताळे दिले आहेत. तापमान 10 अंशांनी वाढलं की उड्डाणाचं अंतर सुमारे 10 टक्क्यांनी वाढतं. वजन 10 टक्क्यांनी वाढलं की 20 टक्क्यांनी. कोरडं, वीतभर गवत असेल तर आणखी 20 टक्के, ओलं असेल तर 30. पाठीमागून वारा असेल, तोही उड्डाणवेगाच्या फक्त एक दशांश, तरी 20 टक्के. हे सगळं एकमेकांत मिळवायचं नसतं, गुणायचं असतं. माणसं इथेच फसतात. समजा सकाळी विमान 500 मीटरमध्ये उडत होतं. सतरा अंश तापमान वाढलं, 585 झाले. वारा फिरून पाठीशी आला, 700 झाले. दुसऱ्या बाजूच्या गवताळ पट्टीवरून धाव घेतली, 840. यातली एकही गोष्ट डोळ्यांत भरण्यासारखी नाही.

आणि ती रेघ. धाव घेताना वेगाचा वर्ग अंतराच्या प्रमाणात वाढतो. म्हणून पट्टीच्या अर्ध्यावर उड्डाणवेगाच्या साधारण 70 टक्के वेग यायला हवा, कारण 0.7 चा वर्ग 0.49, म्हणजे जवळपास अर्धा. अर्ध्यावर 70 टक्के नाही आला तर उरलेल्या अर्ध्यात उडणार नाही. वैमानिकांचा हा जुना ठोकताळा आहे. काकांच्या त्या पायलटने फक्कीने तोच जमिनीवर लिहून ठेवला होता.


बडोद्याची_मीरा | रविवार, सकाळी 8:02

वाचते आहे. माझा भाबडा प्रश्न, मग दुपारी कमी का भरत नाहीत? एवढं सोपं आहे तर.


दक्षिणवारा | रविवार, सकाळी 9:30

सुलभाकाकू, मी मूळचा सुदामा नगरचा. अकरा वर्षं झाली, आधी न्यूझीलंडमध्ये डोंगरउतारावर खत टाकायची विमानं उडवली, आता ऑस्ट्रेलियात कापूस आणि गव्हावर फवारतो. सगळं सविस्तर लिहितो, कारण तुमच्या लेकाच्या जागी मीही होतो. दोन हंगाम लोडर होतो.

मीराताईंच्या प्रश्नापासून सुरू करतो. आमच्या धंद्यातलं मोठं विमान म्हणजे एअर ट्रॅक्टर 802. उड्डाणाचं कमाल वजन 7257 किलो, टाकी सुमारे 3000 लिटरची. औषधाचं पाणी म्हणजे तीन टन. दुपारी 600 लिटर कमी भरले तर एकूण वजन आठ टक्क्यांनी कमी होतं आणि धावेची लांबी साधारण सोळा टक्क्यांनी घटते. हा फार मोठा फायदा आहे. पण जे शेत चार खेपांत झालं असतं त्याला पाच खेपा लागतात. पुष्कळ ठिकाणी पायलटला हेक्टरवर पैसे मिळतात. वारा एका मर्यादेपलीकडे गेला की फवारणी थांबवावी लागते, नाहीतर औषध शेजारच्या शेतात जातं. त्यामुळे सगळे घड्याळाकडे बघत असतात. शेतकऱ्याचा फोन येत असतो, अळी वाढत असते. लोडरपासून मालकापर्यंत कोणी वाईट नसतं, पण सगळ्यांना पाचवी खेप नको असते. सकाळपासून वीस वेळा तेवढंच वजन उचललेलं असतं, मग एकविसाव्या वेळेला कोण विचारतो?

आता विमान उडालं पण चढेना, हे कसं होतं ते सांगतो, कारण काकूंच्या लेकाने नेमकं तेच पाहिलं.

विमान जमिनीच्या अगदी जवळ असतं, पंखांच्या लांबीपेक्षा कमी उंचीवर, तेव्हा जमिनीमुळे पंखांवरचा ओढा, म्हणजे हवेचं मागे खेचणं, कमी होतो. आम्ही याला ग्राउंड इफेक्ट म्हणतो. त्या आधारावर विमान जरा कमी वेगातही जमीन सोडतं. पायलटला वाटतं उडालो. मग चार-पाच मीटर वर गेलं की तो आधार सुटतो आणि विमान तिथेच लोंबकळतं. समोर कुंपण किंवा झाडं जवळ येत चाललेली. हात आपोआप स्टिक मागे ओढतो, नाक वर होतं, ओढा आणखी वाढतो, वेग आणखी पडतो. अशा वेळी नाक खाली दाबावं लागतं. जमीन दोन मीटरवर असताना नाक खाली दाबायला शरीर तयार होत नाही. कितीही तास उडवलं असलं तरी नाही. म्हणून टाकी मोकळी करणं हाच खरा उपाय. दांडा थ्रॉटलजवळ डाव्या हाताशी असतो, दार उघडलं की माल काही सेकंदांत जातो.

त्यातही एक मेख आहे. माल एकदम गेला की नाक झटक्याने वर उसळतं. हात तयार नसेल तर वाचलेलं विमान तिथेच स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल सुटते. म्हणून सुरुवातीला साधं पाणी भरून, वर सुरक्षित उंचीवर, दांडा ओढून बघायचा सराव करावा लागतो. मी नवीन मुलांना आधी हेच करायला लावतो. ज्याने आयुष्यात कधी दांडा ओढलेला नाही तो पहिल्यांदा कुंपणासमोर ओढणार नाही.

न्यूझीलंडमध्ये पट्ट्या टेकडीच्या माथ्यावर असतात, उताराच्या दिशेने धावायचं आणि कड्यावरून सुटायचं. उतार मदत करतो, पण एकदा धाव सुरू केली की थांबायला जागा नसते. तिथे सुपरफॉस्फेट नाहीतर चुना भरतात. माल दमट झाला की टाकीत घट्ट बसतो. दार उघडतं आणि माल पडत नाही. तिथे लोडर माल हातात घेऊन दाबून बघायचा आणि नको असेल तर पायलटला तोंडावर सांगायचा, आज नको. मी स्वतः एकदा सांगितलं होतं. पायलट माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा होता. त्याने मालाकडे पाहिलं, इंजिन बंद केलं आणि आम्ही चहा प्यायलो.

म्हणून रामबागकरकाका, कायद्याने जबाबदारी पायलटचीच, यात शंका नाही. पण पायलट बसलेला असतो, इंजिन चालू असतं, तो टाकीच्या आत वाकून बघू शकत नाही. वजनाची खरी खबर लोडरकडे असते. काकू, तुमच्या मुलाने चूक केली असं मी म्हणत नाही. मागितलं तेवढंच त्याने भरलं असणार. पण त्याला जे टोचतंय ते उगाच टोचत नाहीये. "तुझा काही संबंध नाही" असं त्याला सांगू नका, पटणार नाही. संबंध आहे, आणि पुढच्या वेळी त्याचाच उपयोग होईल.


देपालपूरवाला | रविवार, सकाळी 11:10

दक्षिणवारा भाऊ, दमट खताचं वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे पावसाळ्यात युरियाची गोणी उघडी राहिली की दगड होतो, कुदळीने फोडावा लागतो. तोच प्रकार विमानाच्या पोटात!

आमच्या सोयाबीनवर असं विमान कधी बघितलं नाही. का चालत नाही इकडे?


निवृत्त_मेकॅनिक | रविवार, दुपारी 12:05

चालत होतं एके काळी. हिंदुस्तान एअरोनॉटिक्सने खास शेतीसाठी बसंत नावाचं विमान बनवलं, त्याचं सुधारित रूप 30 मार्च 1972 ला पहिल्यांदा उडालं. 400 अश्वशक्तीचं लायकमिंग इंजिन. 39 विमानं बनली आणि 1980 मध्ये काम थांबलं. आपली शेतं लहान, शेजाऱ्याचं पीक वेगळं, बांधावर झाडं, वर तारा, मध्ये वस्ती. केरळात कासारगोडला काजूच्या बागांवर हेलिकॉप्टरने एन्डोसल्फान या कीटकनाशकाची फवारणी वर्षानुवर्षं झाली, तिथल्या माणसांनी काय भोगलं ते देशाने पाहिलं. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये एन्डोसल्फानवर बंदी घातली. हवेतून फवारायला आपल्याकडे कीटकनाशक नियमांखाली परवानगी लागते, आणि ती लागावीच. आता ते काम ड्रोनकडे गेलं आहे.


सांवेरची_ड्रोनताई | रविवार, दुपारी 1:40

मी बचत गटातून ड्रोन चालवते. ड्रोन दीदी योजना 2023 ला आली, पंधरा हजार गटांना ड्रोन द्यायचं ठरलं, त्यात आमच्या भागातल्या बायकाही शिकल्या. विमानाशी तुलना करत नाही, आमची टाकी दहा लिटरची. पण धागा वाचताना सारखं वाटत होतं की आमचेही अपघात उडतानाच होतात.

गेल्या खरिपात माझ्यासमोर एक ड्रोन कलंडला. घडीचा एक हात नीट लॉक झाला नव्हता. आणखी एकदा आम्ही ट्रॉलीच्या पाट्यावरून उडवायला गेलो, खाली चिखल होता म्हणून. लोखंडामुळे होकायंत्र बावचळलं आणि ड्रोन उठताच बाजूला सरकला. नशिबाने कोणी जवळ नव्हतं. टाकी अर्धी असली की पाणी डुचमळतं, जमीन तिरपी असली की त्या बाजूला झुकतो. आता मी सतरंजीएवढी फळी घेऊन जाते, सपाट जागा बघून ठेवते, माणसं लांब उभी करते, आणि प्रत्येक हात स्वतः हलवून बघते. दुसऱ्याने सांगितलं लावलाय, तरी बघते.

सुलभाताई, तुमच्या मुलाचं "भरलं मी होतं" हे वाक्य माझ्या मनातून जात नाहीये. असा मुलगा माझ्या गटात असता तर मी त्याला सोडला नसता.


रामबागकर | रविवार, दुपारी 3:20

दक्षिणवारा, माझं म्हणणं मी मागे घेतो. पेट्रोल पंपाची तुलना चुकीची होती.

एक विचारायचं राहिलं. ताईंनी लिहिलंय की पायलट स्वतःच्या पायांनी बाहेर आला. तीन टन पाणी डोक्यामागून अंगावर आलं नाही, हे कसं?


दक्षिणवारा | रविवार, संध्याकाळी 5:15

चांगला प्रश्न, कारण हे योगायोगाने झालेलं नाही. 1950 मध्ये फ्रेड वाईक नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने टेक्सासमध्ये एजी-1 नावाचं विमान बनवलं, अगदी पहिल्यापासून फवारणीसाठी आखलेलं. अपघातात माणसाचं शरीर काय सोसू शकतं याचा तेव्हा नुकताच अभ्यास सुरू झाला होता, तो त्याने वापरला. इंजिन पुढे, त्यामागे टाकी, आणि पायलट सगळ्यांच्या मागे, उंच बसवलेला. आदळलं तर पुढचं सगळं आधी चुरडतं, माल पायलटच्या पुढे राहतो, आणि पायलटभोवतीचा पिंजरा मजबूत. पुढे त्यानेच पायपर पॉनी बनवलं. आजही आमची बहुतेक विमानं याच घडणीची. खांद्यावरचे पट्टे आणि हेल्मेट घातलं असेल तर अशा पडण्यातून माणूस चालत बाहेर येतो.

माल किती याइतकंच तो कुठे आहे हेही महत्त्वाचं, त्याचं एक वाईट उदाहरण देतो. न्यूझीलंडचं फ्लेचर हे खत टाकायचं विमान. त्यातलं एक बदल करून पॅराशूट उड्यांसाठी वापरत होते. 4 सप्टेंबर 2010 ला फॉक्स ग्लेशियरला ते उडताच पडलं, नऊच्या नऊ माणसं गेली. नेमक्या कारणावर पुढे बराच वाद झाला, पण माणसांच्या वजनाने गुरुत्वमध्य, म्हणजे विमान ज्या बिंदूवर तोललं जातं तो, मर्यादेच्या बराच मागे गेला होता हे तपासात आलं. ज्या विमानाचा माल पुढच्या टाकीत बसायचा, त्यात माणसं मागे बसवली होती. मी त्या जातीचं विमान उडवलंय, म्हणून ती बातमी विसरता येत नाही.

आणखी एक. अमेरिकेच्या एनटीएसबीने, म्हणजे अपघातांचा तपास करणाऱ्या सरकारी मंडळाने, 2013 मधले फवारणी विमानांचे 78 अपघात घेऊन 2014 ला खास अहवाल काढला. त्यात थकवा, धोक्याचा आधी विचार करायची पद्धत, देखभाल आणि वैमानिकांच्या चाचणीतल्या त्रुटी यांवर बोट ठेवलं. थकव्याचं मी छातीठोक सांगतो. पहाटे चारला उठलेला माणूस दुपारी दोनला आकडे बघतो, पण त्यांचा अर्थ लावत नाही. काकू, मंगळवारी तो पायलट किती वाजल्यापासून उडत होता, हे लेकाला विचारा. दोष द्यायला नाही. त्याने लिहून ठेवावं म्हणून.


इंदूरकर_सुलभा | रविवार, रात्री 11:50

आत्ता तासभर बोलून ठेवला फोन. तिकडे पहाट होती, तो कामावर निघायच्या आधी बोलला. तुम्ही सगळ्यांनी लिहिलेलं मी त्याला वाचून दाखवलं, भौतिकीच्या सरांचं गणित दोनदा.

त्या दिवशी सकाळी 24 अंश होते आणि पडलं तेव्हा 41. सरांनी उदाहरण म्हणून जे आकडे घेतले तेच निघाले, मी थक्क झाले. पहिल्या खेपेपासून टाकीत एकच माप जात होतं. वारा साडेबाराच्या सुमाराला फिरला, हे त्याने झेंड्यावर पाहिलं होतं. पायलटलाही दिसलं असेल असं त्याला वाटलं. पायलटला वाटलं असेल मुलगा काही बोलला नाही म्हणजे फार नाही. कोणी कोणाला विचारलं नाही. पायलट पहाटे साडेचारपासून उडत होता.

मग त्याने मला सांगितलं की पायलटने त्याला दवाखान्यात बोलावून घेतलं होतं. म्हणाला, तू सांगितलं तेवढंच भरलंस, दांडा मी उशिरा ओढला, अर्ध्या पट्टीवरच मला कळलं होतं. हे सांगताना माझा लेक रडला. मीही. तो चार वर्षांचा असताना बिजासनच्या टेकडीवरून विमानं उडताना बघायला आम्ही त्याला न्यायचो, ते आठवत राहिलं. तेव्हा त्याला फक्त वर गेलेलं विमान दिसायचं.

मी त्याला परत ये म्हणणार होते. धागा उघडला तेव्हा तेच मनात होतं. म्हटलं नाही. दक्षिणवारा, तुम्ही लिहिलंत तसं त्याला म्हटलं, तुझा संबंध आहे. तो गप्प झाला, आणि मग पहिल्यांदाच नीट बोलायला लागला. कालवायच्या शेडमध्ये त्याने थर्मामीटर टांगला आहे. प्रत्येक खेपेच्या नोंदीत लिटरच्या शेजारी अंश आणि वाऱ्याची दिशा लिहितो, आणि अंश पाचने वाढले की पायलटला अंगठा दाखवायच्या आधी विचारतो, किती भरू? दुसऱ्या पायलटने पहिल्या दिवशी कपाळाला आठ्या घातल्या. काल दुपारी त्याने स्वतःहून चारशे लिटर कमी सांगितले.

मेकॅनिककाका, फक्कीची रेघ त्याला फार आवडली. त्याचा प्रश्न आहे, रेघ किती रुंद मारायची? तिकडे गवताची पट्टी आहे.


निवृत्त_मेकॅनिक | सोमवार, सकाळी 6:10

ताई, गवतावर फक्की टिकत नाही. जुनी टायरं पांढऱ्या रंगाने रंगवून पट्टीच्या दोन्ही कडांना जमिनीत अर्धी पुरायला सांगा, बरोबर समोरासमोर, चाकांच्या वाटेपासून चांगली लांब. शेपटीच्या चाकाच्या विमानात धाव घेताना सुरुवातीला समोरचं नाकामुळे दिसत नाही, कडेचं दिसतं. मध्य पावलांनी मोजू नको म्हणावं, टेप लावून मोज. आणि दोन्ही दिशांनी उडत असतील तर मधली एकच जोडी पुरते, दोन्हीकडून अर्ध्यावरच येते. रंग दर पावसाळ्यानंतर पुन्हा द्यायचा.

लावून झाली की फोटो टाका. मला बघायचा आहे.